नवं घर आणि पीटीएसडी : पहिल्या चौदा रात्रींची तयारी

नव्या जागी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही, हे लग्नघरी मुक्कामाला गेलेल्या कोणालाही माहीत असतं. झोपेच्या अभ्यासकांनी १९६०च्या दशकातच याला ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ म्हटलं. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात त्याचं एक कारण दिसलं. अनोळखी खोलीत पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा हलकी झोपते आणि वेगळा आवाज आला की चटकन दाद देते. म्हणजे अर्धा मेंदू पहाऱ्यावर. काही दिवसांनी त्याच खोलीत पुन्हा झोपल्यावर हा फरक उरला नव्हता.

पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) असलेल्या माणसाचा पहारा मुळात कधी उठलेलाच नसतो. अपघात, घरातली मारहाण, स्फोट, पूर, कोसळलेली इमारत, कारण कुठलंही असो; झोप तुटणं आणि दुःस्वप्नं ही या आजाराची मुख्य लक्षणं आहेत. त्यात नवं घर आलं की पहारा दुप्पट होतो.

पण एक उलटी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत, अंगाला तारा लावून झोपलेल्या रुग्णांना तिथे दुःस्वप्नं फारशी पडत नाहीत, असं अनेक अभ्यासकांना आढळलं. जागा अनोळखी खरी, पण शेजारच्या खोलीत कोणीतरी रात्रभर जागं असतं. म्हणून नव्या घरात नुसती शांतता शोधू नका. शरीराला दोन गोष्टी कळाव्या लागतात : हा आवाज कशाचा, आणि आत्ता राखण कोणाची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. ठाणे किंवा नवी मुंबईत भाड्याने, बदलीवर, पीजीत किंवा धोकादायक इमारत रिकामी करावी लागल्यामुळे नव्या घरात जाणाऱ्यांसाठी त्या लिहिल्या आहेत.

१. घर रात्री बघा

दलाल घर दाखवतो सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचच्या मधे. तेव्हा घोडबंदर रोडवरचा फ्लॅटही निवांत वाटतो. अवजड वाहनं सुटतात रात्री, आणि चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रेलरचा आवाज सातव्या मजल्यावर दुसऱ्या मजल्यापेक्षा कमी येईलच असं नाही. मधे आडोसा नसेल तर तो थेट वर पोचतो. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजाराजवळ भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर लागतात. रेल्वेलगतच्या इमारतींत लोकल थांबल्या तरी मालगाड्या चालूच राहतात.

टोकन देण्याआधी दोन चकरा मारा : एक रात्री साडेअकराला, दुसरी पहाटे पाचला. घरात जायला मिळालं नाही तर इमारतीखाली वीस मिनिटं उभं राहा. वॉचमनला विचारा की पंप किती वाजता लागतो, जनरेटर कुठे आहे, गेट रात्री बंद असतं का, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे का.

घरात शिरल्यावर बेडरूमच्या भिंतींना कान लावा. एका भिंतीपलीकडे लिफ्ट असेल तर ती खोली नको. लिफ्टच्या दाराचा ‘धप्प’ आवाज अवेळी येतो, आणि अवेळी येणाऱ्या आवाजाची सवय सगळ्यात उशिरा होते.

खिडकीच्या ग्रिलकडे नीट बघा. आपल्याकडे सरसकट पेटीसारखी ग्रिल बसवतात. कोणाला तिचा आधार वाटतो, पण आगीतून किंवा ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाला त्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. ग्रिलला उघडणारी झडप आहे का आणि तिची किल्ली कुठे असते, हे आधीच विचारा. झडप नसेल तर मालकाकडून बसवून घ्यायचं करारापूर्वीच ठरवा. चावी हातात पडल्यावर मालक फोन उचलत नाहीत.

२. ट्रकमध्ये न जाणारी पिशवी

शिफ्टिंगमध्ये हमखास हरवतात ती औषधं आणि फाईल. या वस्तू एका पिशवीत घालून स्वतःच्या खांद्यावर ठेवा :

- किमान १५ दिवसांची औषधं, मूळ पाकिटात
- सध्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि एका पानाचा सारांश : निदान, औषधं व मात्रा, आधी काय देऊन पाहिलं, कशाचा त्रास झाला
- आधार कार्ड आणि आरोग्य विम्याची प्रत
- रोज वापरातली उशी, न धुतलेल्या अभ्र्यासकट, आणि नेहमीची चादर किंवा गोधडी
- पिवळ्या उजेडाचे दोन छोटे नाइट लॅम्प
- चार्जिंगचा पंखा
- नवं लॅच किंवा कडी आणि ती बसवायला स्क्रू ड्रायव्हर
- वही आणि पेन

अभ्रा न धुण्याचं सांगितलं की घरच्या बायका नाक मुरडतात. पण वास ही ओळखीची सगळ्यात जुनी खूण आहे, आणि नव्या घराला रंगाचा, फिनेलचा, पेस्ट कंट्रोलचा वास असतो. रसायनाच्या किंवा आगीच्या दुर्घटनेतून आलेल्या माणसासाठी तोच वास घातक ठरतो. रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल राहायला येण्याच्या किमान चार-पाच दिवस आधी उरकून खिडक्या उघड्या ठेवा. जुन्या घरी जी उदबत्ती लागत होती तीच इथेही लावा.

सारांश द्यायला डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, हे सांगा. तोच कायदा विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगतो.

३. पलंग आधी, बाकी सामान नंतर

पहिल्या दिवशी स्वयंपाकघर लावण्यात रात्र होते आणि गादी हॉलमध्ये कुठेतरी पडते. हे टाळा. सामान चढलं की आधी झोपायची खोली पूर्ण करा. बाहेरून वडापाव आणला तरी चालेल.

उशाला पक्की भिंत हवी, खिडकी नको. पडल्या पडल्या दार दिसलं पाहिजे, पण पलंग दाराच्या सरळ रेषेत नको. बाहेरचा उजेड आणि सावल्या थेट डोळ्यांवर येतात. जुन्या घरी डाव्या कुशीला भिंत असायची तर इथेही तशीच ठेवा. आरसा पलंगासमोर असेल तर त्यावर ओढणी टाका. अर्धवट जाग आलेली असताना आपलीच हालचाल परक्याची वाटते. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दोन्ही नाइट लॅम्प जमिनीलगत लावा आणि त्या वाटेवर एकही खोकं ठेवू नका.

पीजी किंवा हॉस्टेलमध्ये पसंती मिळाली तर भिंतीकडचा खालचा बंक घ्या. वरून दचकून उतरताना पाय मोडायची भीती असते.

दाराचं लॅच पहिल्याच दिवशी बदला, अर्थात मालकाला विचारून. आधीच्या भाडेकरूकडे, दलालाकडे, कामवाल्या मावशींकडे किती चाव्या आहेत हे कोणालाच माहीत नसतं. हा प्रश्न रात्री दोनला डोक्यात आला तर झोप गेलीच म्हणून समजा. चारशे-पाचशे रुपयांचं लॅच त्या मानाने फारच स्वस्त.

४. आवाजांचा तक्ता

सगळ्यात जास्त उपयोग या पायरीचा होतो आणि हीच सगळे गाळतात, कारण दिसायला ती पोरकट आहे.

वहीचं एक पान घ्या. तीन रकाने आखा : वेळ, आवाज, कशाचा. पहिले तीन दिवस ऐकू येईल ते लिहा. पान साधारण असं दिसेल :

रात्री १२:१० – खरखर – वॉचमनची खुर्ची
रात्री १:३० – काठी आपटणं, शिट्टी – गस्तीचा गुरखा
पहाटे ४:४५ – घुर्रर्र, मग पाइपात खळखळ – पाण्याचा पंप
पहाटे ५:३० – बाटल्यांची किणकिण, पावलं – दूधवाला
सकाळी ६:०० – दारावर धप् – पेपर

ज्या आवाजापुढचा तिसरा रकाना रिकामा राहतो, तोच रात्री उठवतो. तो दिवसा शोधा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, जिना उतरून जा, पंपाची खोली डोळ्यांनी बघा. ‘खळखळ’ म्हणजे वरच्या काकांची आंघोळ, हे एकदा कळलं की पुढच्या वेळी जाग आली तरी छातीत धडधड कमी होते.

काही आवाज आपण स्वतः दिवसा करून घेऊ शकतो. दारावरची घंटा कोणाला तरी दुपारी आठ-दहा वेळा वाजवायला लावा, तुम्ही आत बसा. इंटरकॉम वाजवून पाहा. लिफ्टचं दार उघडं राहिल्यावर वाजणारी ती भक्तिगीताची ट्यून ऐका. पावसाळ्यापूर्वी आला असाल तर बाल्कनीवरच्या पत्र्यावर बादलीभर पाणी ओता; जूनमध्ये पहिल्या सरीला तो पत्रा ढोलासारखा वाजणार आहे. मात्र मूळ आघाताशी थेट जोडलेला आवाज, म्हणजे स्फोट, ब्रेकची किंचाळी, पाण्याचा लोंढा, असा घरच्या घरी वाजवून ‘सवय’ करू नका. ते प्रशिक्षित उपचारकासोबत, ठरवून करायचं काम आहे.

इअरप्लग हा इथला मोठा सापळा. दोन्ही कान बंद केले की पहारेकरी मेंदूला ऐकू येत नाही, म्हणून तो जास्तच ताणून ऐकतो. त्यापेक्षा सलग, एकसुरी आवाज बरा, आणि आपल्याकडे तो फुकट मिळतो : छताचा पंखा. रेग्युलेटर जुन्या घरी ज्या आकड्यावर असायचा त्याच्या जवळपास ठेवा. अडचण येते वीज गेल्यावर. पंखा थांबतो, अचानक शांतता पसरते, उकडायला लागतं आणि माणूस ताडकन उठतो. म्हणून पिशवीतला चार्जिंगचा पंखा रोज चार्ज करून पलंगाशेजारी ठेवा.

५. कुलूप एकदाच बघा

झोपण्याआधी घराची एक फेरी मारा : मुख्य दार, गॅसचा कॉक, बाल्कनी, खिडक्या, संडासाची जाळी. रोज याच क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी हात लावून तोंडाने म्हणा, ‘बंद आहे’. मोठ्याने म्हटलेलं लक्षात राहतं. मनात म्हटलेलं अर्ध्या तासाने शंका होऊन परत येतं.

दुसरी फेरी नाही. हे कठीण आहे, पण यावर ठाम राहावंच लागतं. दर तासाला उठून कुलूप बघितलं की क्षणभर हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो की बघितलं म्हणून वाचलो. मग आठवड्याभरात एकाच्या चार फेऱ्या होतात. घरात दुसरं कोणी असेल तर पहिल्या आठवड्यात राखण वाटून घ्या : ‘दोन वाजेपर्यंत मी बघतो, तू झोप.’ प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ नेमकं हेच करत असतो.

उशाखाली सुरी, पलंगाखाली दांडका ठेवणारे पुष्कळ असतात. काढून टाका. दुःस्वप्नातून अर्धवट उठलेल्या माणसाला समोरचा चेहरा ओळखायला काही सेकंद लागतात, आणि समोर बहुधा घरचंच माणूस असतं.

६. घरच्यांना आणि रूममेटला काय सांगायचं

सगळी कहाणी सांगायची गरज नाही. एवढं पुरे : ‘मला कधी कधी झोपेत दचकायला होतं. हात लावू नका, लांबून नावाने हाक मारा.’

हाक मारणाऱ्याने पायाच्या बाजूला, हाताच्या अंतराबाहेर उभं राहायचं. आधी दिवा लावायचा, मग नाव घ्यायचं, मग जागा आणि वार सांगायचा : ‘मंदा, मी आई. हे ऐरोलीचं घर आहे, सेक्टर आठ. आज मंगळवार.’ गदागदा हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, आणि ‘काय स्वप्न पडलं?’ हे तेव्हा विचारायचं नाही. यातलं जागेचं वाक्य जाड अक्षरांत कागदावर लिहून पलंगासमोर चिकटवा, एकट्याने राहत असाल तर नक्कीच. जुन्या घराचा पत्ता डोक्यात आला की तो कागद वाचता येतो.

ऐरोली-घणसोलीकडे रूममेट रात्रपाळीचा असणं नेहमीचंच. त्याला एकच विनंती करा : पहाटे साडेतीनला दार उघडण्याआधी मेसेज नको, तुमचा फोन वाजेल, दारावर ठरलेल्या तीन टिचक्या माराव्यात आणि हलक्या आवाजात स्वतःचं नाव सांगावं. चोरपावलांनी येणारा रूममेट बिचारा चांगुलपणानेच घात करतो.

७. प्रत्यक्ष रात्र

उठायची वेळ ठरवा आणि ती रविवारीही पाळा. झोपायची वेळ मात्र झोप आल्यावरची. पडून वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, घड्याळ न बघता, तर उठा आणि आधीच ठरवलेल्या खुर्चीत बसा. मंद दिवा, जुना दिवाळी अंक, निवडायची डाळ, काहीही चालेल, फोन नको. डोळे जड झाले की परत पलंगावर. तळमळत पडून राहिलं तर पलंग तळमळीचाच होतो.

दुःस्वप्नं बहुधा उत्तररात्री पडतात, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते. त्यामुळे साडेतीन-चारला जाग येणं हे ‘घर लाभत नाही’ याचं लक्षण नाही. नारळ फोडायचा तर फोडा, पण घर बदलायचा निर्णय पहिल्या चौदा रात्रींत घेऊ नका.

याची दुसरी बाजू अशी की काहींना नव्या घरात पहिले काही दिवस फारच छान झोप लागते, विशेषतः आघात जुन्याच घरात झाला असेल तर. ‘जागा बदलली, सुटलो’ म्हणून औषध बंद केलं जातं, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्वप्नं नव्या पत्त्यावर येऊन पोचतात. औषध डॉक्टरला विचारूनच कमी करा.

८. चहा, दारू, गोळी

चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको. कॅफीनचा निम्मा अंश अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री फुटते, स्वप्नांसकट.

शेजारच्यांनी दिलेली किंवा ओळखीच्या केमिस्टकडून आणलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम नको. पीटीएसडीसाठी या गोळ्यांची शिफारस केली जात नाही आणि त्यांची सवय लागते. मात्र आधीपासून चालू असतील तर एकदम सोडू नका, त्यानेही झोप उडते आणि फिट येऊ शकते. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन चालू असेल आणि शिफ्टिंगच्या गडबडीत काही दिवस चुकली असेल तर थेट जुन्या मात्रेवर येऊ नका. रक्तदाब उतरून भोवळ येते. डॉक्टरला फोन करून कितीपासून सुरू करायची ते विचारा.

घोरणं मोठं असेल, मधेच श्वास अडकत असेल, तर झोपेत श्वास थांबण्याची तपासणी मागा. पीटीएसडीसोबत हा विकार पुष्कळांत सापडतो. तपासणी घरच्या घरी यंत्र लावून होते का ते विचारा, नाहीतर पुन्हा एक अनोळखी खोली.

९. सणांचं कॅलेंडर

ठाण्यात दहीहंडी, मग गणपती, नवरात्र, दिवाळी : ऑगस्ट ते नोव्हेंबर कानाला उसंत नसते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. हे दिवस कोणते ते आधी बघून ठेवा. उल्लंघन झालं तर ११२वर तक्रार करता येते.

फटाक्यांना घाबरून दिवाळीत नातेवाइकांकडे पळायचा मोह होतो. तिथेही फटाके असतात आणि वर पहिली रात्र. त्यापेक्षा आपल्याच घरातली आतली, कमी खिडक्यांची खोली चार रात्रींसाठी तयार करा, आणि त्या खोलीत आदल्या आठवड्यातच दोन रात्री झोपून घ्या.

१०. डॉक्टर शोधणं

झोप बिघडण्याची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात नव्या ठिकाणी नाव नोंदवा. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलं म्हणजे ‘भरती’ होत नाही. केसपेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, घरी यायचं. ओपीडीचे वार आणि वेळ फोनवर विचारूनच निघा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, मराठीत आणि मोफत.

भेटीत नुसतं ‘झोप येत नाही’ म्हणू नका, नाहीतर झोपेची गोळी हातात पडते. पीटीएसडी आहे हे सांगा, आवाजांचा तक्ता आणि तोवरच्या रात्रींची वहीतली नोंद (कधी झोपलात, कधी जाग आली) दाखवा, आणि दोन उपचारांबद्दल विचारा : निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, आणि दुःस्वप्न लिहून, त्याचा शेवट बदलून, दिवसा रोज दहा-वीस मिनिटं मनात उजळणी करायची पद्धत.

सलग तीन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली किंवा गाडी चालवताना डुलकी लागली, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका आणि तोवर स्कूटरची चावी दुसऱ्याकडे द्या. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी १४४१६ किंवा ११२, आणि घरात कोणाला तरी उठवा.

आणि मे महिन्यात किंवा गणपतीत पंधरा दिवस गावी जाऊन आलात की हे घर पुन्हा थोडं नवं होतं. परतल्या रात्री आवाजांचं पान काढा, फेरी मारताना मोठ्याने बोला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम ठेवू नका.